थंड खांद्याचं गाव

सोमवार, १० सप्टेंबर १९६२

पाहुणे दुपारच्या बसने आले. नाव लायनेल पेथरिक. वय माझ्याएवढंच, पन्नाशीच्या अलीकडचं. केस विस्कटलेले आणि एका बुटाची नाडी सुटलेली. मोठ्या शब्दकोशाच्या कचेरीतून आले आहेत, चार दिवस राहतील.

ते का आले हे लिहून ठेवतो. नकोशा माणसाशी तुसडेपणानं वागणं म्हणजे त्याला 'थंड खांदा देणं', असं अख्खं इंग्लंड म्हणतं. हे बोलणं आमच्या माल्टरबीत जन्मलं, असं माल्टरबीचं म्हणणं. टेकडीवरच्या मोठ्या घरातली जमीनदारीण पाहुणा फार दिवस राहिला की त्याच्यापुढे गरम जेवणाऐवजी मेंढीचा शिळा, थंड खांदा ठेवायची. पाहुणा काय ते समजायचा आणि दुसऱ्या सकाळी घोडा मागवायचा. तो खांदा आमच्या दुकानातून जायचा, माझ्या खापरपणजोबांच्या हातचा. वडील गिऱ्हाइकाला मांस बांधून देताना ही गोष्ट सांगत. ते गेल्यापासून तेवीस वर्षं मी सांगतो आहे.

आता बर्ट स्नेलला चौकात पाटी लावायची आहे: 'थंड खांद्याचं जन्मगाव'. बर्ट पबचा मालक आणि ग्रामसमितीचा अध्यक्षही. जिल्ह्याचे लोक म्हणाले, शब्दकोशवाल्यांनी मान्य केलं तर लावा. म्हणून पेथरिक. पबमधल्या पाहुण्यांच्या खोलीत छत गळतं, म्हणून ते आमच्याकडे.

माझ्या बहिणीनं, थर्झानं, त्यांची सोय आईच्या खोलीत केली. सोमवार कपडे धुण्याचा दिवस, त्यामुळे रविवारी भाजलेलं मांस आमच्याकडे सोमवारी थंडच खातात. सगळ्यांकडेच खातात. पण थर्झा म्हणाली, "पहिल्याच दिवशी थंड? ते काय म्हणतील, एनॉक!" आणि तिनं चूल पेटवून अंडी आणि गुर्दे तळले. कपडे टबातच राहिले. घरात आल्यागेल्याची उठबस नसली की बाईमाणूस असं गांगरतं.

गुरुवार, १३ सप्टेंबर

पेथरिकना घेऊन पबमध्ये गेलो. बर्टनं त्यांच्यासमोर ग्लास ठेवला आणि आपली विद्या काढली.

"मांजरं-कुत्री पडल्यासारखा पाऊस म्हणतो आपण, ते कशावरून? पूर्वी गवताच्या छपरात मांजरं-कुत्री झोपायची. पाऊस आला की छप्पर निसरडं, आणि ही सगळी धपाधप खाली!"

"मिस्टर स्नेल," पेथरिक फार नम्रपणे म्हणाले, "छपरावर चढलेला कुत्रा तुम्ही कधी पाहिलात?"

"पूर्वीचे कुत्रे वेगळे होते."

सगळे हसले. बर्ट हटणारा नव्हे. गुपित फुटलं की 'पोत्यातली मांजर बाहेर पडली' म्हणतात. तर जत्रेतले लबाड लोक डुकराचं पिल्लू म्हणून पोत्यात बांधलेली मांजर विकायचे, असं त्यानं सांगितलं. पेथरिक माझ्याकडे वळले. "तुम्ही खाटीक आहात. पोतं उचलल्यावर डुक्कर आणि मांजर यांतला फरक कळणार नाही?"

मला खोटं बोलवेना. "डोळे बांधले तरी कळेल," म्हटलं.

"एनॉक, तू कुणाच्या बाजूचा रे?" बर्ट ओरडला.

"डुकराच्या," मी म्हटलं.

परतताना पेथरिक म्हणाले की गोष्ट फार छान असली की त्यांना धास्ती वाटते. लोक शब्द आधी वापरतात, आणि गोष्ट मागाहून शिवतात. मी विचारलं, मग आमची? ते म्हणाले, "अजून चर्चच्या जुन्या नोंदवह्या बघायच्या आहेत." माणूस मला आवडला. पुरावा नसेल तर गप्प बसतो. असा माणूस मी चर्चमध्येसुद्धा फारसा पाहिलेला नाही.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

चार दिवसांचे अकरा झाले. नोंदवह्यांतलं अक्षर कठीण आहे म्हणे. थर्झा रोज दुपारी त्यांना वाचायला मदत करते. तिची शाळा चौदाव्या वर्षी सुटली, मीही गावच्या त्याच शाळेतला; पण तिला जुनी अक्षरं लागतात, असं पेथरिक दोनदा म्हणाले.

आज मी चावी आणायला चर्चच्या मागच्या खोलीत गेलो तर दोघं एकाच वहीवर इतकी वाकलेली, की कपाळाला कपाळ लागायचं बाकी होतं. थर्झाचे डोळे अधू होत चालले असावेत. शेहेचाळीस म्हणजे त्याचंच वय. तिला चष्मा करायला हवा.

मंगळवार, २ ऑक्टोबर

पेथरिक वडिलांच्या खुर्चीत बसतात.  त्यांनी कपडे पिळायच्या यंत्राचा दांडा दुरुस्त केला, जो मी दोन वर्षं करणार होतो. आता थर्झा कपडे धुताना गाते. भजनं नव्हेत, रेडिओवरची गाणी.

दुकानात बायका विचारतात, "एनॉक, पाहुणे आहेत का अजून?" आणि एकमेकींकडे बघतात. गावाला पाटीची घाई झालेली दिसते.

जेवणाची वेळ पंधरा मिनिटांनी पुढे गेली आहे. तेवीस वर्षांत कधी गेली नव्हती. वडिलांच्या मागे हे घर थर्झानं घड्याळासारखं चालवलं. तिच्याशिवाय मला मीठ कुठे असतं हेही सांगता येणार नाही. पाहुण्यामुळे तिच्यावर किती ताण पडतो आहे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं. गाल सारखे लाल असतात.

त्यांना जायला सांगावं तर कसं? आपल्या घरातून पाहुण्याला तोंडानं जा म्हणणारा माणूस माल्टरबीत अजून जन्माला आलेला नाही. पाहुण्याच्या रूपात देवदूत येऊ शकतो असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण देवदूत तीन आठवडे राहिल्याचं ऐकिवात नाही.

मग मनात आलं, आपल्या गावाकडे त्यावर उपाय आहे. आणि तो मीच गिऱ्हाइकांना सांगतो.

बुधवार, ३ ऑक्टोबर

थर्झाला सांगितलं: आजपासून पेथरिकना थंड खांदा वाढायचा. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"वेडबिड लागलंय का तुला? नको असतील तर तोंडानं सांग."

"तोंडानं सांगितलं तर अपमान होईल."

"आणि असं केल्यानं?"

"समजेल."

"कुणाला?" ती म्हणाली. पण खांदा तिनं थंडच वाढला. आज बुधवार, ३ ऑक्टोबर. पाहुण्याला घालवण्यासाठी मी त्याला मेंढीचा थंड खांदा वाढायला लावला. मनाला बरं वाटलं नाही म्हणून साफ लिहून ठेवतो.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

पेथरिकनी काल दोनदा मागून घेतला. आज पुन्हा तोच. थर्झानं सोबत गरम बटाटे, गरम रस्सा, पुदिन्याचा सॉस आणि मागून सफरचंदाचं गोड पक्वान्न ठेवलं. मी तिला फक्त खांदा थंड ठेवायला सांगितलं होतं. बाकीचं सांगायचं राहून गेलं.

"एका आठवड्यात तीन सोमवार!" पेथरिक म्हणाले. "लहानपणी मला सोमवारचं जेवणच सगळ्यांत आवडायचं." मग सुरी-काटा ठेवून ते एकदम गंभीर झाले. "मिस्टर हॅरबी, तुमच्या गोष्टीत अडतं ते नेमकं इथेच. ज्या देशात घरोघरी सोमवारी थंड मांस खातात, तिथे थंड खांदा पाहून पाहुणा रागावेल कसा? तसं असतं तर दर मंगळवारी सकाळी इंग्लंडचे सगळे रस्ते रुसलेल्या पाहुण्यांनी भरले असते."

थर्झा इतकी हसली की तिला हातातलं भांडं खाली ठेवून टेबलाला धरावं लागलं.

"शेकडो वर्षांच्या रोजनिशा आम्ही चाळल्या," ते पुढे म्हणाले. "जेवणाबद्दल लोक काय वाट्टेल ते लिहितात. पण आज पाहुण्याला घालवण्यासाठी थंड खांदा वाढला, असं लिहिणारा एक माणूस मला अजून भेटलेला नाही."

थर्झानं माझ्याकडे पाहिलं. मी मोहरीची चटणी मागितली.

ती ओळ वरच आहे, कालच्या तारखेखाली. रात्रीच्या प्रार्थनेत विचारलं, दाखवू का? उत्तर काही आलं नाही. पण विचार करता एवढं कळतं की ही वही दाखवली तर गावाची बाजू जिंकणार नाही, आणि माझी अब्रू मात्र कायमची जाईल.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

निकाल लागला. पेथरिक मला टेकडीकडे फिरायला घेऊन गेले आणि कुंपणाच्या फाटकाशी थांबून सांगितलं. हे बोलणं छापलेलं पहिल्यांदा सापडतं ते दीडशे वर्षांपूर्वी, तेही स्कॉटलंडमध्ये. त्या पुस्तकात एक मोठ्या घरची बाई नकोशा माणसाकडे नुसता खांदा वळवते. ताट नाही, मेंढी नाही, खाटीकही नाही.

"खांदा म्हणजे माणसाचाच खांदा," ते म्हणाले. "दुर्दैवानं. तो तुमचा मेंढीचाच खांदा असता तर मला जास्त आवडलं असतं."

मी म्हटलं, जे खरं ते खरं. वडील खोटं बोलत नव्हते, त्यांच्या वडिलांनी त्यांना तसंच सांगितलं होतं. पण ती गोष्ट सांगताना वडील सुरी पुसायचे, ते मला अजून दिसतं.

पेथरिक जायला निघेनात. टोपी काढली, घातली. "मिस्टर हॅरबी, आणखी एक. खरं तर हे आधी बोलायला हवं होतं. मिस हॅरबी म्हणतात की तुम्हाला ठाऊकच असेल. म्हणजे तुमची काही हरकत नसेल ना?"

त्यांना अवघड झालेलं पाहून मला वाईट वाटलं. निकाल थर्झाला आधी कळला होता तर. मी त्यांचा हात हातात घेतला. "तुमच्या मनाला जे खरं वाटतं ते करा," म्हटलं. "मी आड येणार नाही. गावाला काय सांगायचं ते सांगेन मी."

त्यांनी माझा हात इतका वेळ हलवला की दुखायला लागला. सत्य बोलणाऱ्या माणसाला किती एकटं वाटत असेल!

रविवार, २१ ऑक्टोबर

गावाला सांगितलं. बर्ट तांबडालाल झाला. "एका स्कॉटिश बाईच्या खांद्यापायी आमची पाटी गेली? आणि तू ऐकून घेतलंस?"

"पुरावा आहे, बर्ट."

"पुराव्याला काय चाटायचंय! सहा आठवडे त्या माणसाला खाऊ घातलंस, आणि तो तुझ्या घरातून काय काय घेऊन चाललाय ते बघ जरा."

कोपऱ्यातलं कुणीतरी फसकन हसलं. पेथरिक एक साधी बॅग घेऊन आले होते आणि तीच घेऊन उद्या जाणार आहेत. बर्ट रागात काहीही बोलतो.

रविवार, ४ नोव्हेंबर

चर्चचा वॉर्डन, म्हणजे तिथली व्यवस्था पाहणारा, म्हणून मी पहिल्या बाकावर बसतो. प्रार्थनेनंतर पाद्रीसाहेबांनी लग्नाच्या घोषणांची वही उघडली. तीन रविवार नावं वाचायची, म्हणजे कुणाची हरकत असेल तर कळते. मी खिडकीच्या तुटलेल्या काचेचा विचार करत होतो.

"लायनेल जॉन पेथरिक, अविवाहित," पाद्रीसाहेब वाचत होते, "आणि थर्झा हॅरबी, अविवाहित, याच गावची. यांच्या विवाहात कुणाला काही अडचण ठाऊक असेल, तर ती सांगावी. घोषणा पहिल्यांदा होत आहे."

अख्खं चर्च माझ्याकडे बघत होतं. कुणी चकित झालेलं दिसलं नाही. मला अडचणी पुष्कळ ठाऊक होत्या. पण पाद्रीसाहेबांना चालेल अशी त्यांत एकही नव्हती.

घरी आल्यावर थर्झानं कोट काढला नाही. तशीच उभी राहिली.

"तू असा का बघतोस? तुला ठाऊक होतं ना?"

"नाही."

"टेकडीवर त्यांनी तुला विचारलं. तू त्यांचा हात धरलास. ते रडत घरी आले, एनॉक!"

"मला वाटलं ते शब्दाबद्दल बोलत होते."

ती खुर्चीत बसली. वडिलांच्या. "अरे देवा," म्हणाली, आणि हसायला लागली, मग हसणं थांबलं. "सगळ्या गावाला दिसलं. दुकानातल्या बायकांना दिसलं. तू रोज समोर बसून जेवत होतास."

मी म्हटलं, या वयात? ते म्हणायला नको होतं.

"वय मी कुठे घालवलं, एनॉक? बेटल्सचा विल्यम मला मागणी घालायला आला होता, धान्याच्या कोठीतला. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. तू त्याच्याशी दारातच बोललास. थर्झाला वेळ नाही म्हणालास. मी आत पीठ मळत होते, मला ऐकू येत होतं."

"त्याच्या मनात असतं तर तो पुन्हा आला असता."

"तुझ्याकडे कोण पुन्हा येतं?" ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "मला भांडायचं नाही. ८ डिसेंबरला लग्नात बाबांच्या जागी तू मला हात देऊन चर्चमध्ये नेशील का, एवढंच सांग."

मी माझी खुर्ची फिरवून शेगडीकडे तोंड करून बसलो. ती उठून मागे उभी राहिली. मग बटाटे सोलल्याचा आवाज आला. मी काहीही वावगं बोललो नाही, एवढं मला समाधान आहे.

रविवार, १८ नोव्हेंबर

तिसरी घोषणा झाली. मी खिडकीकडे बघत होतो. थर्झा आता माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ कपाटात डाव्या हाताला असतं, वरच्या फळीवर. तिनं कागदावर लिहून ठेवलं आहे. मांस किती वेळ भाजायचं तेही. खाटकाला!

शनिवार, ८ डिसेंबर

शनिवारी दुकान बंद ठेवता येत नाही, नाताळ तोंडावर. तरी वॉर्डन म्हणून जावं लागलं. दार उघडायला दुसरं कोण आहे? थर्झाला हात देऊन बर्ट घेऊन आला. तिनं निळा कोट घातला होता. मी मागच्या खांबापाशी उभा होतो. येताना तिनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी भजनांची पुस्तकं नीट लावत होतो.

दोघं तीनच्या बसने गेली. पेथरिक खिडकीतून हात हलवत होते, अख्खा रस्ता त्यांच्याकडे बघत असताना. तो माणूस कुणावर रागावू शकत नाही असं दिसतं. याचा मला राग येतो.

बुधवार, २३ जानेवारी १९६३

नाताळाच्या दुसऱ्या दिवसापासून बर्फ आहे. बस नाही. तीन आठवड्यांचं टपाल एकदम आलं, त्यात थर्झाची चार पत्रं. घरात दोन खोल्या, खालच्या मजल्यावर पियानो शिकवणारी बाई, पेथरिक चालताना खांबावर आपटले. शेवटी प्रत्येक पत्रात: तू कसा आहेस?

पोस्टकार्ड टाकलं. 'बरा आहे. एनॉक.' खोटं नाही. प्रकृती उत्तम आहे.

रविवार, १० मार्च

आणखी सहा पत्रं आली, पोस्टकार्डं मी तीन टाकली. मागच्या पत्राच्या शेवटी 'तू कसा आहेस' नव्हतं. नुसतं 'थर्झा'. या आठवड्यात पत्रच नाही. प्रवचन मैत्रीवर होतं. नीट ऐकलं गेलं नाही.

शनिवार, ११ मे

अजूनही पत्र नाही.

आज लीड्सकडचं एक जोडपं दुकानात आलं. बाईनं आत येताच नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "हेच ते! बघ, मांस टांगायचे आकडेसुद्धा तसेच आहेत."

मी विचारलं, काय तेच?

"आत्ता पबमध्ये ऐकलं. तीनशे वर्षांपूर्वी इथे एक खाटीक होता म्हणे. त्याच्या बहिणीला मागणी घालायला एक पंडित आला. खाटकाला तर बहीण सोडायची नाही! म्हणून तो रोज त्या पंडिताला थंड खांदा वाढायचा. पंडित आपला मिटक्या मारत खातोय. शेवटी खाटकानं बहिणीशी बोलणंच टाकलं, आणि ती पंडिताबरोबर निघून गेली. तेव्हापासून तो वाक्प्रचार रूढ झाला."

बर्टचं काम. सहा महिन्यांत त्यानं तीनशे वर्षं मिळवली. खरं काय ते सांगणं माझं कर्तव्य होतं. पुरावा काय, पहिली छापील नोंद कुठली, असं पेथरिकसारखं विचारायचं होतं. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"आणि पुढे त्या खाटकाचं काय झालं?"

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "त्याचं काही सांगितलं नाही. बहीण गेली तिथे गोष्ट संपते."

"नंतर गेला असेल की तिला भेटायला," नवरा म्हणाला.

"छे! तसला माणूस कुठला जातोय," ती म्हणाली. "आम्हाला चार चॉप द्या, चरबी कमी असलेले."

चरबी काढून दिले. बाई समंजस होती. तिनं मला ओळखलं असतं तर असं तोंडावर म्हणाली नसती.

दुकान आवरून पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. पहिल्यात मी माझी बाजू मांडली होती, दुसऱ्यात बर्टची तक्रार होती, तिसऱ्यात हवा-पाणी. चौथ्यावर लिहिलं:

'थर्झा, तू विचारलंस तेव्हा मी हात द्यायला हवा होता. गुरुवारी दुकान बंद ठेवून येतो आहे. तुम्हा दोघांना चालणार असेल तर.'

पेटीत टाकलं. पत्र खाली पडल्याचा आवाज झाला आणि मग लक्षात आलं, की गुरुवारपर्यंत तिकडून काहीच उत्तर आलं नाही, तर मला त्याबद्दल कुणाला काही म्हणता येणार नाही.